नातं नसल्याचा दाखला

६ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोन न करता लिहितोय, कारण हल्ली ऑफिसात आमच्या फोनची यादी काढून बघतात. तूही फोन करू नकोस. लिहायचं तर घरच्या पत्त्यावर लिही आणि माझं पत्र वाचून झालं की जाळून टाक.

त्याचं असं झालंय. कुठल्याशा खात्यातल्या साहेबाने स्वतःच्या मेहुण्याला काम दिलं, ते पेपरात आलं आणि आता शिक्षा आम्हा सगळ्यांना. प्रत्येक कर्मचाऱ्याने ‘नमुना सात’ भरून द्यायचा: तुमच्या कामाशी संबंध येईल अशा धंद्यात तुमचा कोणी नातेवाईक आहे का? मी सरकारी लिफ्ट तपासनीस आणि भाऊजींचं लिफ्टदुरुस्तीचं वर्कशॉप. खरं लिहिलं तर माझी बदली पार टोकाच्या गावी, जिथे दुमजली घर म्हणजे राजवाडा. तिथे मी काय विहिरीचे रहाट तपासत बसू? आणि भाऊजींच्या सगळ्या लिफ्ट जातील फूटपट्टीकडे. फूटपट्टी म्हणजे आमच्यातला दुसरा तपासनीस. हा बाबा प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर चढून मशीनखोलीत शिरतो, दोरातली तार न् तार चाचपतो आणि एक जरी तुटलेली सापडली तरी लिफ्ट बंद करून खाली उतरतो. त्याच्या हाती सापडले तर भाऊजींना दोन महिन्यांत शटर ओढावं लागेल.

पण नमुन्यात एक पळवाट आहे. रकाना नऊ: ‘नातेवाईक आहे, परंतु संबंध कायमचे तुटलेले आहेत.’ मी तिथे खूण केली. आता तुला दक्षता कक्षाकडून पडताळणीचा कागद येईल. खाली सही करून परत पाठव. संपलं. कागदावरचंच तर आहे. रक्ताचं नातं काय शाईने पुसतं का!

आईला यातलं काही सांगू नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

तुझा
धाकटा

१९ जानेवारी

चि. धाकट्या,

कागद आला. सही कर म्हणालास, पण वाचू नकोस असं काही म्हणाला नव्हतास, म्हणून वाचला. चुकलंच माझं.

रकाना दहा, संबंध तुटण्याचं कारण. तुझं ते शाळेत बक्षीस मिळवलेलं अक्षर लगेच ओळखलं. ‘बहिणीने वृद्ध आईस उपाशी ठेवले, कोंडले व मारहाण केली. सबब गेली सहा वर्षे संबंध नाहीत.’

सहा वर्षं आई माझ्याकडे आहे. या सहा वर्षांत मी तिला न्हाऊ घातलंय, तिची नखं कापलीत, माझ्या हाताशिवाय तिच्या पोटात घास जात नाही. तू महिन्याच्या पहिल्या रविवारी येतोस, डोक्यावरून हात फिरवतोस, दोन तास बसून जातोस आणि पुढे आठवडाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, माझ्या धाकट्यासारखा मुलगा शोधून सापडायचा नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तेही मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण मारहाण? ती कुठून सुचली रे तुला?

कागद हातात धरून मी ओट्यापाशी उभी होते. तुझे भाऊजी म्हणाले, “अगं, कागद आहे. कागदाने कोणी मरत नाही.” वर्कशॉपमध्ये सात माणसं आहेत, त्यांची घरं आहेत, हेही म्हणाले. मग खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. खाली छापलेलं होतं, ‘वरील मजकूर मला मान्य आहे.’ मी सही केली. ती वाकडी आली.

आता एवढं तरी कर, रविवारी ये. आईने आतापासूनच विचारायला सुरुवात केली आहे.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं रागावणं रास्त आहे, पण माझीही बाजू ऐक. आधी मी ‘घराच्या वाटणीवरून वाद’ असंच लिहिलं होतं. दक्षता कक्षातल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद परत केला. म्हणाल्या, “वाटणीवरून भांडलेली भावंडं पोरांच्या लग्नात पुन्हा गोड होतात. परत जुळणार नाही असं काहीतरी हवं.” आता परत जुळणार नाही असं काय असतं? आईचे हाल केले, एवढंच. तेवढ्यावर मात्र बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि शिक्का मारला. आणि ताई, दुसऱ्या कोणाबद्दल लिहिणार होतो मी? हक्काची माणसंच कामाला येतात.

वर्षभर आमच्यावर नजर ठेवणार आहेत. त्यामुळे रविवारचं येणं बंद. आईला सांग, मी ट्रेनिंगला गेलोय.

एक चांगली बातमी. भाऊजींच्या अकराही लिफ्ट पास केल्या. मशीनखोलीत चढलोच नाही, खालीच उभं राहून बटण दाबलं, आली, गेली, मारला शिक्का. सरकारी वृद्धनिवासाची जरा कुरकुरते, तेवढं बघायला सांग त्यांना. पण भाऊजींनी काम केलंय म्हटल्यावर मी वर चढून काय बघायचं? आपलाच माणूस.

धाकटा

२२ एप्रिल

चि. धाकट्या,

आईला ट्रेनिंग पटलं नाही. फेब्रुवारीचा रविवार गेला, मार्चचा गेला, आणि ती घराबाहेर पडायला लागली. लांब नाही, आमच्या इमारतीच्या लिफ्टपर्यंत. तुला आठवतंय ना, लिफ्टमध्ये काचेखाली तपासणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं? त्यावर तुझी सही आहे. आई स्टूल घेऊन लिफ्टमध्ये बसायची आणि सहीकडे बघत राहायची. लोक वरखाली करायचे, त्यांच्याबरोबर तीही वरखाली. विचारलं तर म्हणायची, “माझ्या मुलाची लिफ्ट आहे.” पहिल्यांदा सगळे हसले. मग चौथ्या मजल्यावरच्या वकिलांनी तक्रार केली, म्हणून तुझ्या भाऊजींनी तिच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. भाजीला वगैरे गेले तरच लावायची मी.

परवा दोन माणसं आली. ज्येष्ठांच्या संरक्षणाचं म्हणे काही कार्यालय आहे. तुझ्या त्या चष्मेवाल्या बाईंनी डोळे पुसले ना, ते पुसून थांबल्या नाहीत. तुझ्या नमुन्याची प्रत त्यांनी तिकडे पाठवली. माणसांनी बाहेरची कडी बघितली. आईचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं, ती मुळातच काडी आहे. मग माझ्यापुढे कागद धरून विचारलं, “ही सही तुमची?”

काय सांगणार होते मी? खोटी म्हणावं तर तुझी नोकरी जाते आणि भाऊजींचा परवाना. भाऊजी दारात उभे होते. ते खाकरले. मी म्हटलं, “माझीच.”

त्यांनी आईला विचारलं, मुलगी त्रास देते का? ती म्हणाली, “मला माझ्या मुलाकडे न्या.” तेवढंच म्हणाली, पण त्यांनी ते तक्रार म्हणून लिहून घेतलं. तिला गाडीत बसवताना ती खुशीत होती. तिला वाटलं, तुझ्याकडेच नेताहेत.

तिला वृद्धनिवासात ठेवलंय. मुलगा म्हणून तुला पत्र येईल, घेऊन जाता का, असं विचारणारं. घेऊन जा धाकट्या. तू लिहिलेलं सगळं खरं ठरू दे, मी वाईट ठरते, ठरू दे. आई मुलाकडे पोचली म्हणजे झालं.

ताई

५ मे

ती. ताईस,

त्यांचं पत्र आलं. मी ‘सध्या असमर्थ’ कळवलं आहे.

संतापू नकोस, पूर्ण वाच. आईला इथे आणलं तर ती बोलणारच. शेजारी आमच्याच खात्याचे लोक राहतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात बसून सांगेल, माझे जावई लिफ्टवाले, माझा मुलगाच त्यांच्या लिफ्ट पास करतो. झालं कल्याण! शिवाय हिचंही म्हणणं आहे की आम्ही दोघं नोकरीला गेल्यावर घरी तिच्याजवळ कोण? तुलाच कडी लावावी लागली, तर आम्ही काय करणार होतो?

वृद्धनिवास स्वच्छ आहे, मी स्वतः बघितलंय, म्हणजे तळमजला तरी. डॉक्टर असतो, बाग आहे. आणि आता बढतीची यादी लागतेय. सहा महिने कळ काढ. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

तूच तिला भेटत जा ना अधूनमधून.

धाकटा

१८ ऑगस्ट

चि. धाकट्या,

भेटत जा म्हणतोस. वृद्धनिवासाच्या गेटवर एक यादी लावली आहे, त्यात माझं नाव आहे. ‘त्रास देणाऱ्या व्यक्ती, प्रवेश नाही.’ त्यात आम्ही चौघं आहोत, बाकीचे तिघे दारुडे आहेत. भेटायची परवानगी फक्त तुला आहे.

मला तिची खबर मिळते ती तुझ्या भाऊजींकडून. तिथल्या लिफ्टचं काम त्यांच्याकडे आहे, त्यामुळे मेकॅनिक म्हणून आत सोडतात. जुलैत ते दारांना ग्रीस घालायला गेले, तर लिफ्टमध्ये कोण बसलेलं! तिथेही तुझ्या सहीचं प्रमाणपत्र आहे ना. आईने ते शोधून काढलं. आया सांगत होती, सकाळी चहा झाला की ही जाऊन बसते, उठवली तरी परत येते. भाऊजींना तिने ओळखलं नाही. ओळखलं असतं तरी त्यांना ओळख दाखवता येत नव्हती. हातात पाना घेऊन ते खाली मान घालून उभे राहिले, असं सांगत होते. माणूस त्या दिवशी जेवला नाही.

आई तिथे जेवत नाही. समोर ताट ठेवतात आणि अर्ध्या तासाने उचलून नेतात. तिला भरवावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? मी लेखी कळवलं, तर माझं पत्र त्यांनी ‘संबंध नाही’ म्हणून परत पाठवलं.

तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही. आता मागते. एकदा जा. घरी आणू नकोस, ठेवून घेऊ नकोस, फक्त एकदा समोर जाऊन बस आणि तिला चार घास भरव. त्याने तुझं काय जाणार आहे?

ताई

१२ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,

उत्तराला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर माफ करशील. मला बढती मिळाली! आणि कुठे, सांग? दक्षता कक्षात! चष्मेवाल्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या खुर्चीवर मी. परवा शुक्रवारी खात्याचा समारंभ होता. मोठ्या साहेबांनी माझं नाव घेऊन सांगितलं, “कर्तव्याआड सख्खी बहीण आली तरी न डगमगणारा माणूस.” हार, शाल, टाळ्या. आता नव्या भरतीच्या पोरांना मी हितसंबंध या विषयावर शिकवायचं आहे. आपल्यातल्या आपल्यात सांगतो, मला हसू आवरत नव्हतं.

आणि तुझं कामही केलं. आज आईला भेटून आलो. छान आहे गं ती, उगाच काळजी करतेस. मला बघताक्षणी ओळखलं. मी माझ्या हाताने भरवलं, पोटभर जेवली. मग लिफ्टने खाली बागेत नेलं, उन्हात बसलो दोघं. तुझी आठवण काढत होती. म्हणाली, ताईला म्हणावं, मी मजेत आहे.

तर आता निवांत राहा.

धाकटा

३ नोव्हेंबर

ती. ताईस,

कसं लिहू कळत नाही. आई गेली गं.

वृद्धनिवासाचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं. खुर्ची बदलण्याच्या गडबडीत ते जुन्या टेबलावर, अभिनंदनाच्या पाकिटांखाली राहिलं, आज सापडलं. हृदय बंद पडलं, एवढंच लिहिलंय. तारीख बुधवार, ८ ऑक्टोबर टाकली आहे. मी तर रविवारी भेटलो, तेव्हा चांगली होती. तारीख लिहिताना कारकुनाची चूक झाली असणार. तिकडचा कारभार तसाच आहे.

पुढचं सगळं त्यांनीच रीतसर केलंय म्हणतात. शेवटी मी भेटलो, तेवढं समाधान.

मन घट्ट कर. आणि हो, जानेवारीत नमुना सातची पडताळणी पुन्हा येईल, आता दरवर्षी येणार. या वेळी माझ्याच कक्षाकडून, माझ्याच सहीने. घाबरू नकोस, गेल्या वेळेसारखी सही करून पाठव.

धाकटा

११ जानेवारी

महोदय,

आपल्या कक्षाचा कागद मिळाला. खाली आपली सही आहे. ती माझ्या ओळखीची आहे, माझी आई रोज तिच्याखाली बसायची.

कारकुनाने तारीख बरोबर लिहिली होती. आई बुधवारीच गेली. मला ते त्याच दिवशी दुपारी कळलं, कारण त्या सकाळी वृद्धनिवासाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. वरच्या आयांना वाटलं, आजी बागेत असतील. बागेतल्यांना वाटलं, वर असतील. जेवणाच्या वेळी डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. मग लिफ्ट उघडायला माझ्या नवऱ्याला बोलावलं. ते मशीनखोलीत चढले. दोन वर्षांत तिथे कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांनीही नाही आणि आपणही नाही. ब्रेक झिजून पत्रा झाला होता. त्यांनी हाताने चाक फिरवत लिफ्ट खाली आणली आणि दार उघडलं. आई प्रमाणपत्राखाली भिंतीला टेकून बसली होती. चपला काढून बाजूला नीट ठेवल्या होत्या, आपल्या घरी आल्यासारख्या.

तिथल्या बाईंनी माझ्या नवऱ्याला विचारलं, “यांना ओळखता का?” ते नाही म्हणाले. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांचे डोळे पुसले नाहीत. नाही म्हणायला त्यांना आपण शिकवलं आणि मी शिकवलं.

लिफ्टची चौकशी झाली नाही. प्रमाणपत्र चालू होतं, सही स्पष्ट होती, मग कोणाला काय विचारायचं?

मृतदेह नेण्यासाठी नातेवाइकाला तीन दिवस देतात. नातेवाईक म्हणजे आपण. आपल्याला पत्र गेलंय असं कळलं आणि फोनला आपली मनाई होती, म्हणून गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी मी आपली वाट बघत गेटवर उभी होते. वॉचमन भला माणूस आहे, त्याने बसायला खुर्ची दिली, पण आत सोडलं नाही. शुक्रवारी आपल्या गळ्यात हार पडत होता. शनिवारी दुपारी नगरपालिकेची गाडी आली. वॉचमनने त्यांच्या कागदावरचा शब्द मला वाचून दाखवला, बेवारस. रविवारी आपण जिला जेवू घालून बागेत नेलंत, तिला आदल्या दिवशीच त्या गाडीतून नेलं होतं. गाडी माझ्यासमोरून गेली. मी हात जोडले. दुसरं काही करायची मला परवानगी नव्हती.

आपली पाचही पत्रं मी जाळली नव्हती. आईच्या पेटीत ठेवली होती. ती सगळी एका पाकिटात घातली, वर मोठ्या साहेबांचा पत्ता लिहिला आणि पोस्टापर्यंत गेले. तिथे रांगेत उभी असताना मनात आलं, ही पोचली तर चौकशी बसेल. आपली नोकरी जाईल, यांचं वर्कशॉप जाईल, त्याचं मला काही वाटलं नाही. पण चौकशीत सिद्ध होईल की आपण दोघं बहीणभाऊ आहोत, आपलं नातं कधी तुटलंच नव्हतं. ते सिद्ध झालेलं मला सहन होणार नाही. मी रांगेतून बाहेर पडले, घरी आले आणि पत्रं जाळली. काळजी नसावी.

नमुना सोबत पाठवत आहे. रकाना दहामधला गेल्या वर्षीचा मजकूर बदलायची गरज नाही. आई उपाशी राहिली, कोंडली गेली, हालहाल होऊन मेली. फक्त जिथे ‘बहिणीने’ असं लिहिलं आहे, तिथे आपण तिघं आहोत असं समजावं. बाकी सगळं खरं आहे, आणि संबंध तुटल्याचं तर आता अक्षरशः खरं आहे.

खाली सही केली आहे. या वेळी ती सरळ आली. पेनाचं टोपण माझं मीच काढलं.